ग्लासातलं तेल

चौसाळा, १२ सप्टेंबर २०२४

हरिओम,

वर ‘चिरंजीव’ लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पोस्टानं. नाशिकचा पत्ता शोधावा लागला नाही. घरात अजून तुझ्या कंपनीच्या मालाची तीन खोकी पडलीत, त्यांच्यावर तुझं नाव आणि पत्ता छापलेला आहे.

काल दुपारी मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. कपिलधारच्या रस्त्याला डोंगराकडेला वस्ती आहे, तिथली. सुंदरबाई नाव. घामाघूम झालेली, चालत आली होती. म्हणाली, “साखराबाईचं घर हेच का? त्येंना भेटायचं हाय. आमच्या मालकाला बी त्येंच्यावानीच स्टेन टाकलाय, मागल्या म्हैन्यात. म्हणलं, त्येंनाच इचारावं.”

मी म्हटलं, “माय गेली.”

ती म्हणाली, “कुटं गेली? मी बसते की वाट बघत.”

आणि ती खरंच ओट्यावर टेकली. हातात फोन होता. तिनं तो माझ्यापुढं धरला आणि त्यात आपली माय बोलायला लागली. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. “माज्या छातीत स्टेन टाकला व्हता. आता मी ही लेसिथिन खाती. बाकीच्या गोळ्या समद्या सोडल्या. मला लई बरं वाटतंय.” खाली तुझा नंबर आणि तुझा हसरा फोटो.

हरिओम, मायला जाऊन दोन महिने झाले. आणि ती अजून लोकांना सांगत फिरतेय की मला बरं वाटतंय.

सुंदरबाईला जे सांगायचं ते मी सांगितलं. ती गेली.

तुला आठवत असेल, होळीच्या आधी तू आला होतास. मायला संक्रांतीच्या आठवड्यात झटका येऊन, संभाजीनगरला स्टेंट टाकून दीड महिना झाला होता. तू ओसरीवर शेजारपाजारच्या बायका जमवल्यास. काचेच्या ग्लासात पाणी घेतलंस, वरून गोडेतेल ओतलंस. तेल वर तरंगत राहिलं. “ही तुमच्या नसांतली चरबी,” म्हणालास. मग तुझी ती पिवळी पावडर टाकून चमच्यानं ढवळलंस. तेल दिसेनासं झालं, सगळं दुधासारखं पांढरं झालं. “हे लेसिथिन. नसेतसुद्धा असंच होतं.” बायकांनी तोंडात पदर धरले. मायनं तुझ्याकडं असं बघितलं, जसं कधी माझ्याकडं बघितलं नाही.

तेव्हापासून डॉक्टरांनी मायला दिलेल्या गोळ्या बंद झाल्या. तू केल्यास. आणि आषाढात, मंगळवारी सकाळी, अंगणात शेंगा निवडता निवडता माय एका कुशीवर कलली. जीपमध्ये घातली, बीडच्या अलीकडंच संपली.

मला तुझ्याकडून काही नको. तो व्हिडिओ काढ. जिथं जिथं टाकलाय तिथून काढ.

उज्ज्वला


चौसाळा, ७ ऑक्टोबर २०२४

हरिओम,

तुझं उत्तर मिळालं. आप्पांच्या फोनवर पाठवलंस, कारण आप्पांना वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. ते मेंढ्या घेऊन आले आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “बघ बरं, पोराचं काय आलंय.” मी वाचलं. “ताईला सांगा, व्हिडिओ तिनंच काढला होता. आणि लेसिथिननं कुणी मरत नाही.”

आप्पांना मी सांगितलं, तू खुशाली कळवलीस. त्यांनी मान हलवली. मायचं आयुष्य तेवढंच होतं, असं ते धरून चाललेत. त्यांच्याकडं साधा फोन आहे. व्हिडिओ असा काही आहे, हेच त्यांना माहीत नाही.

हो, व्हिडिओ मी काढला. अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या अंगणात. तू फोनवरून सांगत होतास, ऊन समोरून घे, मायला दम लागल्यासारखा दिसू देऊ नको. मी तसं केलं. लिहून देते, हवं तर.

आणि दुसरंही तुझं खरं निघालं. गेल्या सोमवारी मी तुझ्या लेसिथिनच्या कॅप्सूलची बाटली पिशवीत घालून बीडला गेले. मायला दर महिन्याला ज्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं होतं, त्यांच्याकडं. दोन तास बाकावर बसले. मला वाटत होतं, ते बाटली बघतील आणि म्हणतील, हे विष आहे. मग मी तसं त्यांच्याकडून लिहून घेऊन पोलिसांत जाईन.

त्यांनी चष्मा वर करून बाटलीवरचं वाचलं. म्हणाले, “ह्यानं नाही गेल्या त्या. हे सोयाबीनमधून काढतात. तेल काढताना जो चिकट गाळ राहतो, त्यातून. अंड्याच्या बलकात असतं, शेंगदाण्यात असतं. बिस्किटात, चॉकलेटात घालतात. आपलं शरीर स्वतःसुद्धा बनवतं. यकृताला लागतं, मेंदूला लागतं. खाणं आहे हे, बाई. औषध नाही.”

मी त्यांना ग्लासाचं विचारलं. माझ्या डोक्यातून तो ग्लास जातच नव्हता. मी डोळ्यांनी बघितलं होतं ना तेल जाताना.

ते हसले नाहीत. म्हणाले, “तेल जात नाही. बारीक थेंब होऊन पाण्यात पसरतं. म्हणून दिसत नाही. आणि नसेतला थर काही सुट्टं तेल नसतं, भिंतीत मुरलेला असतो. शिवाय हे खाल्लं की पोटात पचतं, आहे तसं नसेपर्यंत पोचतच नाही. ग्लासाला पोट असतं का?”

मग त्यांनी मायचा जुना कागद काढला. दोन गोळ्यांवर त्यांनी स्वतःच्या हातानं लाल गोल केला होता. स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून त्या होत्या. वर्षभर, एकही दिवस न चुकवता. त्यांनी विचारलं, “ह्या कुणी बंद केल्या?”

मी म्हटलं, “भावानं.”

दिवसाला सहा सहा कॅप्सूल द्यायला तू सांगितलं होतंस. मायला जुलाब लागले तेव्हा फोनवर म्हणालास, घाण बाहेर पडतेय, चांगलंय. डॉक्टर म्हणाले, जास्त खाल्लं की पोट बिघडतंच. मायची घाण महिनाभर बाहेर पडत होती, हरिओम. परातीत पीठ मळता मळता उठून पळायची. आपण दोघं तिला शाब्बास म्हणत होतो.

आपल्या शेताच्या पट्टीत यंदाही सोयाबीनच आहे. काढणीला आलंय. बघवत नाही मला त्याच्याकडं.

व्हिडिओ अजून आहे. मी रोज बघते.

उज्ज्वला


चौसाळा, २४ नोव्हेंबर २०२४

हरिओम,

सुंदरबाईच्या मालकाला, शहादेवला, परवा बीडला भरती केलं. स्टेंट पुन्हा बंद पडला होता. वाचला. पण डॉक्टर म्हणाले, हृदय निम्म्यानं गेलंय. आता चार पावलं चालला की बसतो. चाळीस मेंढ्या राखणारा माणूस.

त्यानं सप्टेंबरच्या शेवटी गोळ्या सोडल्या होत्या. बाटली बीडच्या तुझ्याच माणसाकडून आणली.

तू म्हणशील, ताई, तू तर तिला सांगितलं होतंस ना. पहिल्या पत्रात मी तसंच लिहिलंय. “जे सांगायचं ते सांगितलं.” काय सांगितलं ते आता लिहिते. सुंदरबाईनं विचारलं, “कशानं गेल्या वो?” मी म्हटलं, “अचानक गेली. वय झालतं.” तिनं विचारलं, “मग ती लेसिथिन चांगली का वाईट?” मी म्हटलं, “ज्याला जशी मानवल तशी.” एवढंच. गोळ्या सोडल्या म्हणून गेली, हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. निघालं असतं तर तिनं विचारलं असतं, “तवा तू कुटं व्हतीस?”

काल दवाखान्यात तिनं विचारलंच. पायरीवर बसली होती. मी डबा घेऊन गेले होते. तिनं डबा घेतला नाही.

“डाक्टरनं सांगितलं, साखराबाई बी गोळ्या सोडल्यानंच गेली. तुला म्हाईत व्हतं,” म्हणाली. “मी तुज्या वट्यावर बसले व्हते. पाणी बी तुज्या हातचं पिलं. कावून न्हाई सांगितलंस?”

मी डबा पायरीवर ठेवला. ती म्हणाली, “तुजी माय तर गेली. माज्या माणसाला कशाला धाडायली व्हतीस तिच्यामागं?” आणि आत गेली.

म्हणून आता हेही वाच. मायनं गोळ्या सोडल्या तेव्हा मला माहीत होतं. गोळ्यांचा डबा मीच उचलून फडताळात ठेवला. दर महिन्याला मायला धरून एसटीनं बीडला जायचं, रांगेत उभं राहायचं, आख्खा दिवस जायचा, आणि मशीन बंद. ते सुटलं म्हणून मला बरं वाटलं होतं. आणि एप्रिलमध्ये बीडच्या हॉलमध्ये, कंपनीच्या मेळाव्यात, तू मला स्टेजवर बोलावलंस. शाल घातलीस. ‘चौसाळ्याच्या ताई’ म्हणालास माइकवर. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. हरिओम, नवऱ्याघरून परत आले त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी उठून उभंसुद्धा राहिलं नव्हतं. त्या शालीसाठी मी गप्प राहिले. मायनं सोडल्या, मी बघत राहिले. एवढंच माझं.

दर सोमवारी आता मी शहादेवच्या वस्तीवर जाणार आहे. गोळ्या घेतल्या की नाही बघायला. सुंदरबाई दार उघडो न उघडो.

आणि जानेवारीत बीडला तुझा मोठा मेळावा आहे, असं कळलं. तोवर व्हिडिओ काढून टाकला नाहीस तर मी येईन.

उज्ज्वला


चौसाळा, १९ जानेवारी २०२५

हरिओम,

गेल्या रविवारी मेळाव्यात तू माझ्याकडं बघितलंस, पण माझ्याशी बोलला नाहीस. म्हणून मला काय दिसलं, ते लिहिते.

मी पाचव्या रांगेत बसले होते. तू निळा कोट घातला होतास. अंगानं सुटलायस. आधी ग्लास आला. पाणी, तेल, पिवळी पावडर. मोठ्या पडद्यावर दाखवलंस, म्हणजे मागच्यालाही दिसावं. सगळ्यांनी “हा” केलं. मग तू म्हणालास, “आता माझ्या आईची गोष्ट.” घरात ती माय होती. स्टेजवर आई झाली. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा झाला. वरच्या ओठावरचा तीळ दिसत होता.

मी उभी राहिले. म्हटलं, “ही बाई मेली. नऊ जुलैला मेली. हिनं स्टेंटच्या गोळ्या सोडल्या म्हणून मेली. हा व्हिडिओ मी काढलाय. मी हिची लेक.”

सगळा हॉल वळला. तू एक क्षण थांबलास. मला वाटलं, आता हा खाली येईल. लहानपणी काही फुटलं की तू माझ्यामागं येऊन उभा राहायचास, तसा येशील असं वाटलं.

तू माइक तोंडाजवळ घेतलास. आवाज रडवेला केलास. “ही माझी मोठी बहीण. आईच्या जाण्यानं तिच्या मनावर परिणाम झालाय. तिच्यासाठी, तिच्या दुःखासाठी, सगळ्यांनी एकदा टाळ्या.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दोन पोरं आली आणि मला ‘चला ताई, चला ताई’ करत बाहेर घेऊन गेली. अगदी हळू. कुणी मला ढकललंसुद्धा नाही. ढकललं असतं तर बरं झालं असतं.

मी फाटकाबाहेर उभी राहिले. मेळावा सुटला. माणसं पिशव्या घेऊन माझ्या अंगावरून गेली, नजर चुकवत. शेवटी एक म्हातारी आली, नातीच्या खांद्याला धरून. थांबली. म्हणाली, “बाई, खरंच मेली का गं तुजी माय? त्यो तर ती हाय म्हणून सांगायलाय.”

मी म्हटलं, “मेली, आजी. मी पाणी पाजलं.”

तिनं नातीचा खांदा सोडला. मग पिशवीतली बाटली काढून नातीला म्हणाली, “जा, देऊन ये माघारी.” नात गेली. आणखी तीन-चार बाया थांबल्या. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलं ते सांगितलं. म्हटलं, खायचं तर खा, अंडं खा, शेंगदाणे खा, ही बाटलीसुद्धा खा, पण डॉक्टरची गोळी सोडू नका. चौघींनी ऐकलं. बाकीचे रिक्षात बसून गेले.

शुक्रवारी तुझा व्हिडिओ निघाला. सगळीकडून. आधी मला वाटलं, तुला लाज वाटली. मग तुझ्या बीडच्या माणसानं सांगितलं, कंपनीला भानगड नको होती. आता तिथं दुसऱ्याच कुणाची तरी आई आहे. सांगलीकडची दिसते.

उज्ज्वला


चौसाळा, १० जून २०२५

हरिओम,

हे शेवटचं. यापुढं लिहिण्यासारखं काही राहिलं नाही.

आप्पा उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन कपिलधारच्या बाजूला होते. शहादेवच्या वस्तीजवळ बसवल्या होत्या. शहादेव बाजेवर पडून असतो, दोघं बोलत बसतात. त्याच्या तोंडून आप्पांना कळलं. मागच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी ते चालत घरी आले. घोंगडंसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हणाले, “साखराचा बोलता फोटू हाय म्हणं. लोकाच्या फोनवर व्हता. आता न्हाई म्हणं. तुज्याकडं हाय का?”

माझ्याकडं होता. तू लोकांना दाखवलास तो कापलेला होता. माझ्या फोनमध्ये पहिल्यापासूनचा आहे. त्याच्या सुरुवातीला माझा आवाज आहे.

मी म्हटलं, “चहा ठेवते, मग दावते.” आणि फोन घेऊन आत गेले. सुरुवातीचा भाग कापून टाकता येतो, तूच शिकवलं होतंस. बोट ठेवलं होतं मी. चुलीवरचा चहा उतू गेला. आप्पा बाहेरून म्हणाले, “उजे, चहा नको. ती दाव.”

मी न कापता लावला.

आप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला. माय लुगड्याचा पदर सारखा करत होती. माझा आवाज आला, “माय, आता म्हण, गोळ्या सोडल्या.” माय कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. म्हणाली, “उजे, सोडल्या म्हणायलीस खरं. पर डाक्टरनं वरीसभर सांगितल्यात की. काय व्हायचं न्हाई ना?”

आणि माझा आवाज. हसून. “काय व्हत न्हाई. तुजा हरिओम हाय ना. म्हण तू.”

मग मायनं म्हटलं.

तुला मी लिहिलं होतं की मायनं सोडल्या आणि मी बघत राहिले. ते खोटं होतं. तिनं त्याच्या आधीही विचारलं होतं, दोनदा. तिला भीती वाटत होती. तिला एक माणूस हवा होता, जो म्हणेल, घे माय, गोळी घे. तू नाशिकला होतास. मी समोर होते.

आप्पांनी एकदा बघितलं. म्हणाले, “पुन्ना लाव.” मी लावला. तिसऱ्यांदाही लावायला सांगितला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले होते, नुसतं ऐकत होते.

मग फोन माझ्याकडं दिला. म्हणाले, “तिनं इचारलं व्हतं.”

मी त्यांच्या पायाशी बसले. आत जाऊन सुरुवातीचं कापायला निघाले होते, तेही सांगितलं. मला वाटलं, मारतील. शिव्या देतील. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवलं. मग म्हणाले, “म्या रोज सांजच्याला यायचो. भाकर खायचो, झोपायचो. माज्या मेंढीला नुसता खोकला झाला तर मी ध्येनात ठिवतो. बायकूला कधी इचारलं न्हाई, गोळी घितली का म्हणून. अन तिनं बी मला इचारलं न्हाई. तिला वाटलं आसंल, ह्येला काय कळतंय. शिकल्याल्या लेकरांला इचारावं.”

उठले. दाराशी थांबून म्हणाले, “पोरी, तू दावलंस. कापून दावलं आसतंस तर मला कळलं नसतं.” एवढं म्हणून गेले. ती शाबासकी होती की शिक्षा, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

तेव्हापासून आप्पा वस्तीवरच राहतात. सोमवारी मी शहादेवच्या गोळ्या बघायला जाते तेव्हा भाकरी बांधून नेते. आप्पा ती घेतात, बाजूला ठेवतात. सुंदरबाई ताट वाढते ते जेवतात. माझी भाकरी ते माझ्यासमोर कुत्र्याला घालत नाहीत, एवढं माझं राखतात. सुंदरबाई माझ्याशी बोलत नाही. पण काल तिनं शहादेवची गोळ्यांची पट्टी मी मागायच्या आधी आणून माझ्यापुढं ठेवली. मी मोजली. एकही चुकली नव्हती.

मायचं वर्षश्राद्ध आषाढ शुद्ध चतुर्थीला आहे. आप्पा म्हणाले, “त्याला कळीव. यायचं न यायचं त्येचं त्यो बघंल. आला तर जेवू घालू. पर सगळ्यांम्होरं मी त्येला एकच गोष्ट इचारणार हाय, अन तुला बी इचारणार हाय.”

काय विचारणार, ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत आहे, आणि तुलाही: मायच्या गोळ्या कुणी बंद केल्या? मी उत्तर देणार आहे. सगळ्या भावकीसमोर, सुंदरबाईसमोर.

तुला कळवलं.

उज्ज्वला